ऊर्जानिर्मितीची जनुके प्रत्येक ऊतीत सारखीच व्यक्त होतात का?

धागाकर्ती: मृण्मयी_द

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सागने–लाक-सें-जाँ नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे वस्तीला आलेल्या मोजक्या फ्रेंचभाषक घराण्यांचा वंशविस्तार होत गेला आणि त्यांच्यापैकी कोणाच्या तरी जनुकातला एक बारीकसा बदलही त्यांच्याबरोबर पसरत गेला. तिथे सुमारे २३ माणसांमागे एक जण हा बदल वाहतो आणि साधारण २,००० जन्मांमागे एका बाळात तो आई आणि वडील अशा दोघांकडून एकत्र येतो. अशा बाळाला एरवी साधा वाटणारा सर्दीताप झाला, तरी रक्तात लॅक्टिक आम्ल झपाट्याने वाढू शकते आणि मेंदूच्या खोल भागातील पेशी मरू लागतात. यातली बरीच मुले बालपण ओलांडत नाहीत. हा ‘ली’ नावाच्या विकारसमूहाचा एक प्रकार आहे.

या मुलांच्या ऊती तपासल्या तेव्हा जे दिसले, त्यासाठी मी हा धागा काढत आहे. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणारा भाग. तिच्यातील श्वसनसाखळीच्या, म्हणजे ऊर्जा काढून घेणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेच्या, शेवटच्या टप्प्यावर सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनचे पाण्यात रूपांतर करते. या विकराची क्रिया मुलांच्या यकृतात आणि मेंदूत अगदी तळाला गेलेली होती, स्नायूंत आणि त्वचेतील पेशींत निम्म्यावर आलेली होती, आणि हृदयात व मूत्रपिंडात ती जवळपास नेहमीइतकी होती. सदोष जनुक शरीरातील प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत आहे, तरीही एका अवयवाला ते जगू देते आणि दुसऱ्याला देत नाही. असे का व्हावे?

आपल्या पाठ्यपुस्तकांत तंतुकणिकेची आकृती एकच असते: शेंगेसारखा आकार, आत घड्या, आणि खाली ‘पेशीचे ऊर्जाघर’ हे शब्द. गेली अनेक वर्षे ती आकृती मीच फळ्यावर काढत आले आहे. तिच्यामुळे मुलांचा असा समज होतो की हृदयातील, यकृतातील आणि मेंदूतील तंतुकणिका एकाच साच्यातून निघाल्या आहेत. वस्तुस्थिती तशी नाही, आणि ती का नाही हे मराठीत सविस्तर लिहिलेले असावे असे मला मनापासून वाटते.

आधी मूळ मांडणी. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो. माणसात तो १६,५६९ अक्षरजोड्यांचा, वर्तुळाकार असतो आणि केंब्रिजच्या गटाने त्याचा पूर्ण क्रम १९८१ साली प्रसिद्ध केला. त्यावर फक्त ३७ जनुके आहेत. त्यांपैकी १३ प्रथिने घडवतात, २२ वाहक आरएनए देतात आणि २ रायबोसोमचे आरएनए देतात. श्वसनसाखळी आणि एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) तयार करणारे यंत्र मिळून जवळपास ९० प्रथिने लागतात. म्हणजे १३ घरची आणि बाकीची सगळी केंद्रकातील जनुकांनी पाठवलेली. अमेरिकेतील ब्रॉड संस्थेने तयार केलेल्या ‘मायटोकार्टा’ सूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत तंतुकणिकेत वावरणाऱ्या मानवी प्रथिनांची १,१३६ जनुके नोंदलेली आहेत. त्या सूचीच्या पहिल्या आवृत्तीसाठी २००८ साली उंदराच्या १४ ऊतींमधील तंतुकणिका वेगळ्या करून त्यांतील प्रथिने मोजली गेली. कोणत्याही दोन ऊती समोरासमोर ठेवल्या, तर साधारण तीन चतुर्थांश प्रथिने सामाईक आणि उरलेली वेगळी, असे चित्र त्यातून पुढे आले.

सागनेच्या मुलांचे सदोष जनुक सापडले, तेही ऊतीनिहाय अभिव्यक्तीच्याच, म्हणजे कोणत्या ऊतीत जनुक किती वापरले जाते याच्याच, आधाराने. रुग्णकुटुंबांच्या अभ्यासातून जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या एका तुकड्यावर आहे इतकेच ठरले होते आणि त्या तुकड्यावर अनेक जनुके होती. २००३ साली वामसी मूथा आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. अनेक ऊतींमधील जनुकांच्या अभिव्यक्तीची सार्वजनिक माहिती घेऊन त्यांनी पाहिले की, या तुकड्यावरील कोणते जनुक तंतुकणिकेच्या ज्ञात जनुकांबरोबर चढते आणि त्यांच्याबरोबरच उतरते. शुद्ध केलेल्या तंतुकणिकांमधील प्रथिनांच्या खुणाही त्यांनी सोबत जुळवल्या. दोन्ही वाटा एलआरपीपीआरसी या एकाच जनुकाशी येऊन थांबल्या. त्याच्या प्रथिनात ३५४व्या जागी अॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले होते. माणसाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटावी, तशी त्या जनुकाची ओळख पटली. मला ही पद्धत आजही फार सुंदर वाटते.

या विषयात काम केलेल्यांनी, किंवा घरात असा आजार जवळून पाहिलेल्यांनी, कृपया लिहावे.

प्रतिसाद १: सह्यकडा

मृण्मयीताई, लेख दोनदा वाचला. माझे शिक्षण अभियांत्रिकीचे आहे, म्हणून दोन मूलभूत शंका विचारतो. पहिली, ऊतींमधील हा फरक प्रमाणाचा आहे की प्रकाराचा? हृदयात तीच जनुके जास्त जोराने चालतात, की वेगळीच जनुके चालतात? दुसरी, तंतुकणिका फक्त आईकडून येतात असे मी वाचले होते. मग सागनेच्या मुलांमध्ये वडिलांचा संबंध कसा आला?

प्रतिसाद २: मृण्मयी_द

सह्यकडा, दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यामुळे अनेक घरांत सगळा दोष विनाकारण आईच्या माथी येतो. आईकडून येतो तो तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए, म्हणजे फक्त ती ३७ जनुके. उरलेली हजाराहून अधिक जनुके केंद्रकातील गुणसूत्रांवर असतात आणि इतर जनुकांप्रमाणेच दोन्ही पालकांकडून येतात. एलआरपीपीआरसी हे केंद्रकातील जनुक आहे. लहान मुलांमधील तंतुकणिकेच्या आजारांत अशा केंद्रकीय दोषांचा वाटा मोठा आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. प्रमाणाचे आधी पाहू. विश्रांतीच्या अवस्थेत हृदय आणि मूत्रपिंड दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ४४० किलोकॅलरी खर्च करतात, मेंदू २४०, यकृत २००, तर निवांत पडलेला स्नायू अवघ्या १३ आणि चरबी साडेचार. हृदयाच्या स्नायुपेशीचा साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो. या खर्चाशी जुळवून घेण्यासाठी केंद्रकात काही नियंत्रक प्रथिने असतात. एनआरएफ-१, इआरआर-अल्फा आणि त्यांना हाताशी धरणारे पीजीसी-१ अल्फा ही त्यांतली महत्त्वाची नावे. टीफॅम नावाचे प्रथिन केंद्रकात घडते, तंतुकणिकेत जाते आणि तिथल्या डीएनएचे वाचन सुरू करून देते. दोन ठिकाणच्या जनुकांचा मेळ राहतो तो अशा दुव्यांमुळे.

हे प्रमाण जन्मापासून मृत्यूपर्यंत एकाच जागी थांबत नाही. अमेरिकेतील जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली धावपट्टीवर पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत सायटोक्रोम सी हे श्वसनसाखळीतले प्रथिन सुमारे दुप्पट झाल्याचे दाखवले. पीजीसी-१ अल्फा १९९८ साली तपकिरी चरबीत सापडले आणि थंडीत ठेवलेल्या उंदरांत ते जोमाने वाढत होते.

प्रकाराबद्दल रानपारवा यांनी लिहावे अशी विनंती करते. त्यांचा तो विषय आहे.

प्रतिसाद ३: रानपारवा

मृण्मयीताईंनी आठवण ठेवली, त्याबद्दल आभार.

कोंबडीचे मांस घरात निवडताना ज्यांनी नीट पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. छातीचे मांस पांढरट असते आणि मांडीचे गडद असते. कबुतराच्या बाबतीत मात्र छातीच गडद लाल असते, कारण कोंबडी क्षणभर फडफडते आणि कबुतर तासन्तास उडते. त्या लाल रंगामागे ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन आणि दाटीवाटीने बसलेल्या तंतुकणिका असतात. हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली शेफील्डमध्ये सायट्रिक आम्लाचे चक्र शोधले ते कबुतराच्या छातीच्याच बारीक केलेल्या स्नायूवर, कारण इतक्या वेगाने ऑक्सिजन घेणारी ऊती सहज मिळणे अवघड होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज यांनी याच स्नायूवर बरेच काम केले. त्यात अरुंद लाल तंतू आणि रुंद पांढरे तंतू शेजारीशेजारी असतात. लाल तंतू चरबी जाळतात आणि पांढरे प्रामुख्याने ग्लायकोजेनवर चालतात. म्हणजे एका स्नायूच्या आतसुद्धा अभिव्यक्ती एकसारखी नसते.

आता सह्यकडा यांचा प्रकाराचा प्रश्न. विकर ज्या सुट्या प्रथिनांचे बनते त्यांना उपघटक म्हणतात. काही उपघटकांसाठी केंद्रकात दोन-दोन जनुके असतात आणि ऊती त्यातून निवड करते. सायटोक्रोम ऑक्सिडेजचा ६ए हा उपघटक घ्या. सीओएक्स६ए१ बहुतेक ऊतींत असते, तर सीओएक्स६ए२ हृदयात आणि कंकाल स्नायूंत असते. ७ए उपघटकाची गोष्टही अशीच आहे. चौथ्या उपघटकाचे दुसरे रूप, सीओएक्स४आय२, मुख्यतः फुप्फुसात दिसते. फुप्फुस ऊर्जेची फार मागणी करणारा अवयव नाही, मग त्याला वेगळे रूप कशासाठी? हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत, ऑक्सिजन कमी झाल्यावर फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावण्याची तातडीची प्रतिक्रियाच नाहीशी झाली. म्हणजे तिथे श्वसनसाखळी ऑक्सिजनची चाहूल घेण्याचे काम करते. ‘ऊर्जाघर’ हा शब्द इथे अपुरा पडतो.

एटीपी बाहेर नेणारे आणि एडीपी (एटीपी वापरल्यावर उरणारे रूप) आत आणणारे वाहक प्रथिनही माणसात चार जनुकांचे आहे. पहिले हृदय व स्नायूंत भरपूर असते, दुसरे विभाजन पावणाऱ्या पेशींत वाढते, तिसरे सर्वत्र थोडेफार आढळते आणि चौथे वृषणात. तपकिरी चरबीत तर यूसीपी१ नावाचे प्रथिन एटीपी न बनवताच ऊर्जेची उष्णता करून टाकते. नवजात बाळाच्या पाठीवरची ती चरबी त्याला ऊब देते.

माझे सर्वांत आवडते उदाहरण शुक्रपेशींचे आहे. ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या पायरुव्हेटला सायट्रिक आम्लाच्या चक्रात ढकलणाऱ्या विकराचे एक जनुक, पीडीएचए१, एक्स गुणसूत्रावर असते. शुक्रपेशी घडताना एका टप्प्यावर एक्स गुणसूत्र पूर्ण मिटवून ठेवले जाते आणि पुढे अर्ध्या पेशींना तर एक्स मिळतच नाही. अशा वेळी हे विकर कुठून आणायचे? त्यासाठी चौथ्या गुणसूत्रावर पीडीएचए२ नावाची जुळी प्रत आहे आणि ती वृषणात व्यक्त होते. या प्रतीत मूळ जनुकातले मधले तुकडे नाहीत, यावरून ती कधीकाळी आरएनएपासून उलट लिहिली जाऊन गुणसूत्रात बसली असे समजते.

प्रतिसाद ४: विदा_वाचक

मी आरएनए क्रमवाचनाच्या माहितीवर रोज काम करतो, म्हणून आकड्यांबाबत थोडी सावधगिरी सुचवतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयातील एकूण संदेशवाहक आरएनएपैकी (प्रथिन घडवण्याचा जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएपैकी) जवळपास ३० टक्के तंतुकणिकेच्या डीएनएवरून आलेले होते, तर कमी मागणीच्या ऊतींत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. ‘जीटेक्स’ या अमेरिकी प्रकल्पात मृत्यूनंतर दान मिळालेल्या शेकडो देहांतील ऊती तपासल्या गेल्या. त्याच्या २०१५ सालच्या विश्लेषणात मूत्रपिंडात सरासरी ५१ टक्के आरएनए तंतुकणिकेचे निघाले. या दोन आकड्यांवरून मूत्रपिंड हृदयाच्या पुढे आहे असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. नमुने घेण्याची रीत, आरएनए वेगळे करण्याची पद्धत आणि भागाकारातील छेद हे सगळेच दोन्हींकडे वेगळे आहे.

छेदाचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण हा आकडा एकूण आरएनएमधील वाटा असतो. रक्ताच्या नमुन्यात हिमोग्लोबिनची तीनच जनुके साठ टक्क्यांहून अधिक जागा अडवून बसतात. त्यामुळे बाकी सगळ्यांचा वाटा आपोआप आकसतो, जरी पांढऱ्या पेशींतील तंतुकणिका आपले काम नेहमीसारखेच करत असल्या तरी. शिवाय ऊतीचा तुकडा म्हणजे अनेक प्रकारच्या पेशींचा मेळावा असतो. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या भागातील नलिकापेशी चरबी जाळून जगतात आणि तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात, तर अगदी आतल्या भागात ऑक्सिजनच कमी असल्याने तिथे ग्लुकोजच्या विघटनावर भर असतो. सुरी दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली की आकडा बदलतो.

एक गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते. एकेका पेशीचे आरएनए वाचताना, तंतुकणिकेच्या आरएनएचा वाटा ५ टक्क्यांहून अधिक असलेली पेशी ‘मरणपंथाला लागलेली’ समजून वगळण्याचा प्रघात पडला. पेशीचे आवरण फाटले की बाहेरचे आरएनए गळून जाते आणि तंतुकणिकेतील मागे उरते, हा त्यामागचा तर्क बरोबर आहे. पण हीच चाळणी हृदयाला लावली, तर निरोगी हृदयपेशीच कचऱ्यात जातात. गेल्या वर्षी एका नवख्या सहकाऱ्याने आणलेल्या आलेखात स्नायुपेशी जवळपास दिसतच नव्हत्या आणि तो ती ऊतीची विशेषता समजत होता. आम्ही चाळणी सैल केली तेव्हा त्या पेशींचा सगळा पुंजका पटलावर परत आला. प्रत्येक ऊतीसाठी मर्यादा वेगळीच ठरवली पाहिजे, याबाबत माझे मत ठाम आहे.

प्रतिसाद ५: अबोली_न

मी या विषयातली नाही. माझ्या भाच्याला अडीचाव्या वर्षापासून झटके येत होते आणि चालताना तोल जात होता. एका ठिकाणी रक्तातील तंतुकणिकेच्या डीएनएची तपासणी झाली, अहवाल निर्दोष आला आणि ‘हा आजार नाही’ असे सांगून आम्हाला परत पाठवले गेले. पुढचे चौदा महिने आम्ही दुसऱ्याच वाटेने भटकत राहिलो. शेवटी स्नायूचा तुकडा आणि केंद्रकातील जनुके तपासली तेव्हा निदान झाले. हा धागा वाचताना मला पहिल्यांदा समजले की रक्ताचा अहवाल खोटा नव्हता, तो फक्त रक्तापुरताच खरा होता. हे कोणी आम्हाला त्या दिवशी दोन वाक्यांत सांगितले असते तर बरे झाले असते. रक्तात न दिसणारी गोष्ट दुसरीकडे कशी दिसते, हे कृपया कोणी समजावून सांगाल का?

प्रतिसाद ६: बालवैद्य

अबोलीताई, तुमच्या बहिणीच्या घराने सोसलेल्या त्या चौदा महिन्यांबद्दल मनापासून वाईट वाटते. मी मुलांच्या मेंदूविकारांवर उपचार करतो आणि रक्ताच्या निर्दोष अहवालावर थांबू नये, हे आमच्या शाखेत वारंवार सांगावे लागते.

यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात. एक म्हणजे दोष केंद्रकातील जनुकात असतो आणि तपासले जाते ते तंतुकणिकेच्या डीएनएलाच. तसे असेल तर तिथे काही सापडण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या वर्णनावरून भाच्याच्या बाबतीत हे घडले असावे. दुसरे कारण मिश्रणाचे. एका पेशीत तंतुकणिकेच्या डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात आणि त्यांतल्या काही सदोष, काही निर्दोष असू शकतात. ३२४३व्या जागचा प्रसिद्ध बदल घ्या, ज्यामुळे तरुण वयात पक्षाघातासारखे झटके, बहिरेपणा आणि मधुमेह होऊ शकतो. रक्तपेशी सतत नव्याने घडतात आणि त्या ओघात सदोष प्रती असलेल्या मूळ पेशी मागे पडत जातात. म्हणून या बदलाचे रक्तातील प्रमाण वयाबरोबर घटते, पण स्नायूत ते टिकून राहते. यासाठी आम्ही लघवीतून निघणाऱ्या पेशी तपासायला सांगतो. त्यांत हे प्रमाण रक्तापेक्षा चांगले दिसते आणि मुलाला सुई टोचावी लागत नाही.

रक्तातील प्रतींच्या संख्येवरही फार भिस्त ठेवू नये. तांबड्या पेशींत तंतुकणिका नसतातच, आणि बिंबिकांमध्ये (प्लेटलेट्समध्ये) तंतुकणिका असून केंद्रक नसते. त्यामुळे केंद्रकाच्या डीएनएशी गुणोत्तर काढताना केवळ बिंबिका वाढल्या तरी आकडा फुगतो.

ऊतीनिहाय अभिव्यक्ती आजाराची जागा कशी ठरवते, याचे स्वच्छ उदाहरण टीके२ आणि डीजीयूओके या दोन जनुकांचे आहे. तंतुकणिकेचा डीएनए नव्याने लिहिण्यासाठी लागणारा कच्चा माल दोन्ही पुरवतात, तरीही टीके२ बिघडले की मुख्यतः स्नायू खंगतात आणि डीजीयूओके बिघडले की यकृत निकामी होते. टीके२ ज्या प्रकारचा माल पुरवते, तोच माल पेशीद्रव्यात टीके१ हे विकर तयार करते, पण ते फक्त विभाजनाच्या तयारीतील पेशींत व्यक्त होते. स्नायुतंतू विभाजन पावत नाहीत, त्यांच्याकडे टीके१ नाही, आणि त्यांच्यातले टीके२ मुळातच बेताचे असते. मग ते बिघडल्यावर स्नायूला दुसरा आधार उरत नाही. हे कळल्यामुळेच थायमिडीन आणि डीऑक्सिसायटिडीन हा कच्चा माल तोंडावाटे देऊन या मुलांवर उपचार करण्याची वाट सापडली.

आणि एक सूचना, जी प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. पीओएलजी जनुकात दोष असलेल्या मुलाला झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएट दिले तर यकृत जीवघेण्या रीतीने बिघडू शकते. तंतुकणिकेच्या आजाराची शंका असेल, तर औषध सुरू होण्याआधी ती शंका डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावी.

प्रतिसाद ७: अबोली_न

डॉक्टर, आपण वेळ काढून लिहिलेत. व्हॅल्प्रोएटचे वाक्य मी भाच्याच्या कागदपत्रांच्या पिशवीवर लिहून ठेवले आहे.

प्रतिसाद ८: सह्यकडा

सगळे वाचून एक प्रश्न उरतो. सागनेच्या मुलांचे हृदय वाचते ते त्यात एलआरपीपीआरसी जास्त व्यक्त होते म्हणून का?

प्रतिसाद ९: मृण्मयी_द

इतके सरळ असते तर फार बरे झाले असते. हे प्रथिन तंतुकणिकेच्या संदेशवाहक आरएनएला सांभाळते, त्याला लवकर नष्ट होऊ देत नाही. ३५४व्या जागच्या बदलामुळे प्रथिन स्वतःच टिकत नाही आणि ही उणीव एका अवयवापुरती नसते. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर: संदेश घटल्यावर ती ऊती काय करते, किती जुळवून घेते आणि उरलेल्या विकरावर तिचे किती भागते. म्हणजे विदा_वाचक म्हणाले तसा आरएनएचा आकडा हातात असूनही प्रथिन किती, आणि प्रथिन किती हे कळूनही त्याची क्रिया किती, हे प्रत्येक ऊतीत वेगवेगळे मोजावे लागते. त्या मुलांच्या बाबतीत यकृत, मेंदू, स्नायू, हृदय आणि मूत्रपिंड यांत विकराची क्रिया जनुक सापडण्याच्या दहा वर्षे आधीच मोजून ठेवलेली होती, आणि तिच्यासाठी लागलेल्या ऊती त्यांच्या आईवडिलांनी मुले गेल्यानंतर तपासणीसाठी दिलेल्या होत्या.